गाडी गुंडाळली, बांधणार कोण?

दुचाकी एका गावाहून दुसऱ्या गावी पाठवायची म्हटली की आपल्याकडे सर्वांत आधी पुठ्ठा येतो. मग बबल रॅपचं भेंडोळं येतं, चिकटपट्टीची रिळं येतात, दोन पोरं अर्धा तास गाडीभोवती प्रदक्षिणा घालतात आणि टाकी, हेडलाइट, आरसे, सायलेन्सर सगळं असं झाकतात की गाडी कोणत्या कंपनीची आहे हेही ओळखू येऊ नये. मालक समाधानानं फोटो काढतो. बिलात 'पॅकिंग' म्हणून वेगळी रक्कम लागते आणि तीही तो तोंड वाकडं न करता भरतो, कारण काम डोळ्यांदेखत झालेलं असतं. यानंतर गाडी टेम्पोत चढते, साइड स्टँडवर कलते, सीटवरून काथ्याचा एक दोर जातो, हौद्याच्या दोन कड्यांना दोन गाठी बसतात आणि फाळका लागतो. या शेवटच्या कामाला दोन मिनिटं पुरतात. बिलात त्याची ओळसुद्धा नसते.

माझं भांडण या दोन मिनिटांशी आहे.

बबल रॅप ओरखड्यापासून वाचवतो, आणि ओरखडा ही वाहतुकीतली सर्वांत स्वस्त इजा आहे. गाडी हौद्यात आडवी झाली की क्लचचा लिव्हर मोडतो, हँडल वाकतं, फूटरेस्ट आत घुसतो, टाकीला पोचा पडतो. शेजारी कुणाचं कपाट किंवा दुसरी गाडी असेल तर तिलाही सोबत घेऊन पडते. बबल रॅपची दहा वेटोळी यातलं काहीही थांबवत नाहीत. उलट सगळं झाकल्यामुळे दोर ब्रेकच्या पाइपवरून गेलाय की इंडिकेटरला टेकलाय, हे खुद्द बांधणाऱ्यालाही दिसत नाही. वाटेत गाडी पडली होती की नाही, हे पॅकिंग फाडेपर्यंत कळत नाही आणि तोवर आपण 'माल सुस्थितीत मिळाला' या ओळीखाली सही ठोकून बसलेलो असतो. ही सोय कोणाची, हे वेगळं सांगायला नको.

थोडं गणित करू. अमेरिकेत व्यावसायिक मालवाहतुकीच्या संघीय नियमांत बांधणीची अट आकड्यांत लिहिलेली आहे. बांधलेल्या मालानं पुढच्या दिशेला स्वतःच्या वजनाच्या 80 टक्के आणि मागे व दोन्ही बाजूंना 50 टक्के जोर बसला तरी जागचं हलायचं नाही. रॉयल एनफील्डची क्लासिक 350 भरते 195 किलो. म्हणजे टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक मारला की 156 किलोचा रेटा केबिनच्या दिशेला. सिमेंटच्या तीन गोण्या एकदम अंगावर याव्यात तसा. वळणावर शंभराच्या आसपास आडवा. तो नियम अमेरिकेतला, असं म्हणून सुटका करून घेऊ नका. पदार्थविज्ञानाला कुठल्याच राज्याचा परवाना लागत नाही, ते खंबाटकीत आणि कसाऱ्यातही तसंच चालतं. आता हा रेटा आपल्याकडे सोसतो कोण? सीटवरून गेलेला दोर. सीट म्हणजे आत फोम. पहिल्या चार गतिरोधकांत फोम दबतो, दोर सैल होतो आणि पुढचे आठशे किलोमीटर तो दोर नुसता शोभेला असतो.

साइड स्टँडची तर वेगळीच कथा. पानाच्या टपरीसमोर गाडी उभी करायला तो दिलेला आहे. गाडी थोडी जरी पुढे सरकली तरी तो मागे मिटतो. चालू टेम्पोत ब्रेक लागतो तेव्हा गाडी नेमकी पुढेच सरकते. म्हणजे ज्या क्षणी आधार सर्वांत जास्त हवा, त्याच क्षणी तो पाय आखडून घेतो. यावर उपाय म्हणून काही दीडशहाणे स्टँडलाच दोरी मारतात आणि गाडी त्याच्यावर खाली ओढून घट्ट करतात. मग प्रत्येक खड्ड्याचा दणका चेसिसला वेल्ड केलेल्या त्या स्टँडच्या कानावर बसतो. तो कान तडकला की गॅरेजवाला विचारतो, "काय साहेब, स्टँडवर बसून किक मारता काय?"

खरी पद्धत अवघड नाही, म्हणून तर जास्त चीड येते. गाडीला तिच्याच स्प्रिंगवर थोडं खाली बसवायचं, एवढाच तिचा गाभा. पुढचं चाक सरळ ठेवून हौद्याच्या पुढच्या भिंतीशी किंवा खास चाकासाठी केलेल्या खाचेत भिडवायचं. हँडल लॉक करायचं नाही, कारण धक्का बसला तर लॉकची जीभच तुटते. स्टँड वर, गियर पहिला. पुढच्या शॉकअपना धरून ठेवणारी जी खालची टी असते, तिच्याभोवती कापडी फास टाकायचा आणि त्या फासात पट्ट्याचा हूक अडकवायचा, म्हणजे लोखंड रंगाला लागत नाही. दोन्ही पट्टे तिथून खाली, पुढे आणि बाहेरच्या बाजूला तिरपे जायला हवेत, साधारण 45 अंशांत. नुसते सरळ खाली ओढले तर गाडी बाजूला झुलायला मोकळी, नुसते आडवे ओढले तर वर उडायला मोकळी. मग रॅचेटची चकरी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी आळीपाळीनं फिरवायची. शॉकअपचा एक तृतीयांश ते निम्मा प्रवास दबला की थांबायचं.

इथं थांबणं महत्त्वाचं आहे. शॉकअप दबलेला असला की स्प्रिंग सतत वर रेटत राहते आणि पट्टा ताठ राहतो. खड्ड्यात टेम्पो आपटला की गाडी क्षणभर आणखी खाली बसते, पट्टा तेवढ्यापुरता ढिला पडतो आणि उघड्या तोंडाचा हूक कडीतून निसटतो. त्यासाठी हुकाला झडप असलेली बरी. पण भीतीपोटी शॉकअप पार तळाला नेऊन दाबला तर स्प्रिंगला खेळायला जागा राहत नाही, सगळा मार ऑईल सीलवर आणि पट्ट्यावर जातो. मागच्या बाजूला आणखी दोन पट्टे, चेसिसच्या किंवा मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला. त्यांचं काम फक्त मागचं चाक आडवं उडू नये एवढंच. पट्ट्यांची उरलेली टोकं गुंडाळून बांधायची, कारण वाऱ्यावर फडफडणारं टोक रात्रभरात टाकीचा रंग घासून काढतं. आणि निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर टेम्पो बाजूला घेऊन सगळं एकदा हातानं चाचपायचं. गाडी तोवर आपल्या जागी बसलेली असते आणि पट्टे हमखास थोडे सैल झालेले असतात. चहा प्यायला आपण थांबतोच, तेव्हाच करायचं.

एवढंच. यात कुठं इंजिनिअरिंगची पदवी लागते?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एका मुलाची गाडी बेंगळुरूला निघाली होती. नवी नोकरी, बापानं घेऊन दिलेली गाडी, आई वरच्या गॅलरीत उभी. भुरभुर पाऊस. दोर बांधणारा साठीच्या घरातला माणूस होता, आणि त्याचा हात पाहण्यासारखा होता. कडीतून दोर घेतला, मध्ये एक फास टाकला, टोक त्यातून फिरवून खाली ओढलं. ट्रकवाल्यांची ती सरकती गाठ कप्पीसारखी काम करते, माणसाच्या ताकदीहून कितीतरी जास्त ताण देते. गाठीत खोट काढायला जागा नव्हती. पण दोर काथ्याचा, ओला, जागोजागी केस निघालेला, आणि तो सीटवर. मुलगा भीतभीत म्हणाला, "काका, अजून एखादा दोर टाका ना."

"बाळा, उमर गेली यात. काय होत नाय."

मी विचारलं, "मामा, कंपनी पट्टे देत नाही?"

तो हसला. "पट्टे? दोर पण देत नाय साहेब. हा आमचा आम्ही आणलाय, मार्केटयार्डातनं. कांद्याच्या गाडीचा हाय."

या माणसावर मी ओरडणार नाही. त्याच्या हातात चार पट्टे दिले असते तर ती गाडी बेंगळुरूपर्यंत तसूभर हलली नसती. मी ओरडतो त्याच्या कंपनीवर, जिच्या टेम्पोच्या दोन्ही बाजूंना 'सुरक्षित' हा शब्द हातभर अक्षरांत रंगवलेला होता. चांगल्या रॅचेट पट्ट्यांच्या चार नगांची किंमत एका दुचाकीच्या पुणे–बेंगळुरू भाड्याहून कमी पडते आणि नीट वापरले तर ते कितीतरी फेऱ्या चालतात. जाहिरातीला पैसे आहेत, टेम्पो रंगवायला आहेत, पोरांच्या टी-शर्टावर बोधचिन्ह छापायलाही आहेत. पट्ट्याला नाहीत. कारण पट्टा फोटोत दिसत नाही.

आणि गाडी मोडली तर? त्यासाठी म्हणे 'ट्रान्झिट इन्शुरन्स' आहे. गाडीच्या किमतीच्या दोन-तीन टक्के वर भरा आणि निश्चिंत राहा. पुढच्या वेळी त्या पावतीवर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसीचा क्रमांक शोधून बघा. कित्येकदा दोन्ही नसतात. विमा विकायला या देशात नियामकाची परवानगी लागते, टेम्पो असून भागत नाही. गंमत अशी की तुमच्या गाडीचा सर्वंकष विमा चालू असेल तर रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट, विमान यांतून गाडी नेली जात असताना झालेलं नुकसान त्या पॉलिसीच्या मूळ कलमातच धरलेलं आहे. फक्त थर्ड पार्टी विमा काढणाऱ्यांनी यावर विसंबू नये, त्यांना काही मिळणार नाही. मात्र दावा केला की नो क्लेम बोनस गेला, आणि प्लास्टिकच्या भागांवर निम्मी घसारा-कपात ठरलेली. म्हणजे कंपनीच्या कांद्याच्या दोराची किंमत तुमच्या बोनसमधून.

कायदाही वाचून ठेवा. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट 2007 चा, त्याखालचे नियम 2011 चे. माल नेणाऱ्यावर जबाबदारी आहे, पण तुम्ही जादा जोखमीचा दर भरून तसं लिहून घेतलं नसेल तर ती भाड्याच्या दहापटीवर थांबते. भाडं पाच हजार, तर पन्नास हजार. दोन लाखांच्या गाडीला. त्यातही दावा लावण्याआधी बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवर शिव्या घालणं नोटिशीत धरत नाहीत, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लाल चेहरे पाठवणंही नाही.

रेल्वेबद्दल थोडक्यात. लडाखला जाणारी आपली पोरं झेलम एक्स्प्रेसनं गाड्या जम्मूला पाठवतात. पेट्रोल काढून टाकी कोरडी करावी लागते, तो नियम योग्यच आहे. ते काढलेलं पेट्रोल पुढे कुठं जातं, हे मात्र विचारायचं नसतं. पार्सल ऑफिसबाहेर बारदान आणि पेंढा घेऊन बसलेले लोक गाडी गुंडाळतात, पुठ्ठ्यावर नाव लिहितात आणि मग ती गार्डाच्या डब्याशेजारच्या सामानकक्षात माशांच्या पेट्या आणि गाठोड्यांच्या मध्ये जाऊन उभी राहते. बांधायला तिथं कोणी नसतं, वाटेतल्या स्टेशनावर पाच मिनिटांच्या थांब्यात पेटी काढायला तिला कोणी बाजूला ढकललं तर विचारणाराही कोणी नसतो. किंमत जाहीर करून त्यावरचं शुल्क भरलं नसेल तर भरपाई वजनावर, किलोमागे ठरलेल्या रकमेनं. बुलेट रद्दीच्या हिशेबानं मोजली जाते.

एवढं वाचून कुणी म्हणेल, भारतात हे असंच चालायचं. खोटं आहे. चाकणच्या आणि वाळूजच्या कारखान्यांतून नव्या दुचाकी निघतात त्या खास बनवलेल्या बंद ट्रकांतून. आत लोखंडी चौकटी, चाकासाठी खाच, बेल्ट, एकावर एक मजले. शोरूममध्ये गाडी उतरते तेव्हा तिच्यावर बोटाचा ठसाही नसतो. त्याच रस्त्यावरून, त्याच खड्ड्यांतून, आपल्याच ड्रायव्हरांनी आणलेली असते ती. गाडी कंपनीची असते तोवर आपल्याला बांधता येतं. ती तुमची झाली की अचानक काथ्या उगवतो. वाहतूक पोलिसांच्या टोइंग टेम्पोत तर काथ्याही नसतो. तिथं एका गाडीच्या आधारानं दुसरी उभी राहते, आणि ओरखड्याची तक्रार करणाऱ्याला आधी दंड भरायला सांगतात.

आता आपले हौशी. नोव्हेंबर-डिसेंबरात गोव्यातल्या बायकर मेळाव्यांना जाणाऱ्यांपैकी काहीजण आता गाडी पिकअपमध्ये घालून नेतात आणि म्हापशाच्या अलीकडे उतरवून शेवटचे काही किलोमीटर चालवतात. त्यावर मला काही म्हणायचं नाही, ज्याची त्याची कंबर. पण हे लोक परदेशी पट्टे मागवतात आणि हूक थेट हँडलच्या टोकाला लावून चकरी दणादण फिरवतात. हँडल वाकलं की कंपनीच्या मालाला शिव्या. पट्टा कुठं प्लास्टिकच्या फेअरिंगवरून, कुठं ब्रेकच्या नळीवरून. शिवाय पट्ट्यावर शिवलेल्या चिठ्ठीवरचा मोठा आकडा वाचून खूश. तो तुटण्याचा आकडा असतो, काम त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर करायचं असतं. तीन लाखांच्या हेल्मेट-जाकीट-बुटांच्या साजात हे वाचायचं राहून जातं.

ज्यांना यापुढचं स्वप्न पडतं ते मला अमेरिकेतल्या 'टॉय हॉलर'चे व्हिडिओ दाखवतात. पुढे पलंग, ओटा, संडास, मागे गाड्यांचं गॅरेज, मागची भिंतच खाली पडून चढण होते. टेक्सासमधल्या माझ्या मावसभावाकडे तसला आहे. तिथंही शहाणपण रस्त्यावर सांडलेलं नाही. फरशीत चमकदार कड्या बसवलेल्या असतात, पण त्या खालच्या चेसिसला बोल्टनं धरल्यात की नुसत्या प्लायवुडला स्क्रूनं, हे विकत घेताना फार थोडे वाकून बघतात. प्लायवुडमधली कडी दोनशे किलोच्या गाडीनं दाताप्रमाणे उपटून येते. दुसरं, गॅरेज मागे असल्यामुळे दोन गाड्या चढवल्या की ओढणाऱ्या गाडीच्या जोडावरचं वजन हलकं होतं. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार तिथं हवा, तो घटला की ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो. आणि गळक्या कार्बोरेटरच्या वासात त्याच छपराखाली झोपायचं ते वेगळंच. आमचा भाऊ निदान एक करतो: दर पेट्रोल पंपावर उतरून मागे जातो आणि चारही पट्टे हलवून बघतो. इथले लोक त्याच्या ट्रेलरचा रंग बघतात.

आपल्यात आणि त्या कंपनीत फार फरक आहे, असं मला वाटत नाही. भाड्यात तीनशे रुपये कमी करा म्हणून आपण अर्धा तास घासाघीस करतो, पण हौद्यात चढून एकदा गाडी हलवून बघत नाही, कपडे मळतात म्हणून. कोटेशन मागताना 'पॅकिंग किती लेयरचं?' विचारतो. 'कशानं बांधणार?' असं विचारणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. विचारलं नाही की मिळत नाही, हा धंद्याचा जुना नियम आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला फोनवरच विचारा, पट्टे आहेत का, किती आहेत, चाकाला खाच आहे का. उत्तर गोलमोल आलं तर चार पट्टे आणि दोन कापडी फास स्वतः विकत घ्या, हौद्यात स्वतः चढा, बांधणाऱ्या मामांच्या हातात द्या आणि काम झाल्यावर त्यांना चहाचे पैसेही द्या. बबल रॅप आधी लावू देऊ नका, बांधून झाल्यावर लावा. गाडीचे, पट्ट्यांचे, किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढा. बिल्टीवर गाडीची किंमत लिहून घ्या. पोचल्यावर सगळं पॅकिंग फाडून, गाडी उजेडात फिरून बघितल्याशिवाय सही करू नका, ड्रायव्हर कितीही घाई करो. आणि दारात आलेल्या टेम्पोत नुसता काथ्याचा दोर दिसला, तर आगाऊ दिलेले पैसे बुडतील ते बुडू द्या, टेम्पो परत पाठवा.